मिरवेलीचा पाय सांभाळा

मृग लागला की कोकणातला बागायतदार मान वर करून बागेत फिरतो. माडाला कोवळे नारळ किती टिकलेत, पोफळीचा घड कसा धरलाय, हे बघत. ज्यांच्या माडापोफळींवर मिरवेल चढवलेली आहे त्यांना माझं सांगणं नेमकं उलट आहे. पुढचे तीन महिने खाली बघा. मिरी लागते वर, पण वेल मरते ती बुंध्याशी.

तिला मारणारी बुरशी म्हणजे फायटोफ्थोरा. तिचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, त्यामुळे साचलेलं पाणी हाच तिचा रस्ता. पावसाचा थेंब मातीवर आपटला की चिखलाबरोबर ती खालच्या पानांवर उडते. पानावर ओलसर काळा डाग पडतो आणि त्याची कड झालरीसारखी फाटलेली दिसते. असं पान दिसलं की तिथल्या तिथे तोडा, बागेबाहेर नेऊन जाळा. रोग बुंध्यात किंवा मुळांत शिरला की पानं गळतात, फळफांद्या सांध्यातून निखळतात आणि तीन-चार आठवड्यांत अख्खी वेल वाळून जाते. म्हणूनच याला जलद मर म्हणतात.

आमच्या परसातल्या फणसावर एक जुनी, भरघोस वेल होती. माडाला करतो तसं तिच्याभोवती मी खोलगट आळं केलं आणि पावसात ते तसंच राहू दिलं. चतुर्थीला पाहुणे आले तेव्हा फणसावर नुसत्या काळ्या काटक्या लोंबत होत्या. वेल उपटली तर हातात साल सुटून आली, आत कुजका वास. हिरवी मिरी दाणे धरत होती तेव्हाच गेली, याची हळहळ अजून वाटते.

तेव्हा पहिलं काम, उन्हाळी आळी मोडा. बुंध्याशी मातीची हलकी भर देऊन उतार बाहेरच्या बाजूला काढा, पाणी चरातून वाहतं करा. जमिनीला टेकणारी खालची पानं काढून टाका. पालापाचोळ्याचं आच्छादन जरूर घाला, त्यामुळे चिखल उडत नाही. फक्त खोडापासून वीतभर दूर ठेवा. आणि पावसात बुंध्याजवळ कुदळ चालवू नका. मिरीची मुळं वरच्या थरातच असतात, तुटलेलं मूळ म्हणजे बुरशीला उघडं दार.

पाऊस जोर धरण्याआधी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करा, बुंध्याशी तेच मिश्रण ओता. ऑगस्टमध्ये उघडीप बघून पुन्हा एकदा. 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो चांगला कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, सारखं ढवळत. मग स्वच्छ लोखंडी सुरी क्षणभर बुडवून काढा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडी निवळी वाढवा. ही परीक्षा चुकवू नका, नाहीतर पानं भाजतात. मिश्रण त्याच दिवशी संपवा. ट्रायकोडर्मा वापरत असाल तर शेणखतात मुरवून वेगळ्या वेळी द्या, बोर्डोतला तांब्याचा अंश त्यालाही मारतो.

नवी लागवडही याच दिवसांतली. रोपं घेताना एकच गोष्ट विचारा: छाट कुठल्या फांदीचे? मिरीला बुंध्यातून जमिनीवर धावणारे फुटवे येतात, आधाराला मुळं रोवत चढणाऱ्या फांद्या येतात आणि आडव्या फळफांद्या येतात. आडव्या फांदीचं रोप कधी चढत नाही, त्याची झुडपी मिरी होते. कुंडीत ती छान वाढते, माडावर मात्र निरुपयोगी. एका रोपवाटिकेतून आणलेली अशी रोपं मी दोन पावसाळे सुंभाने पोफळीला बांधत बसलो होतो. पन्नियूर-1 आपल्याकडे रुळलेली जात आहे. केरळातल्या पन्नियूर केंद्राने ती काढली. दाणा टपोरा, घोस लांब, पण तिला दाट सावली मानवत नाही.

पांगाऱ्यावर चढवायची तर रोप खोडापासून फूटभर अंतरावर, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या अंगाला लावा, म्हणजे दुपारचं ऊन थेट बसत नाही. माडाच्या बुंध्याशी मुळांची जाळी दाट असते, तिथे तीन ते पाच फूट लांब लावून आधी काठीवर वाढवावी आणि लांब झाली की अलगद खोडाकडे वळवावी. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने मांडलेल्या लाखी बागेत माडांमध्ये जायफळ, दालचिनी आणि मिरी एकत्र नांदतात, ती बाग डोळ्यांनी बघून यावी.

जून-जुलैत वेलीवर कोवळे तुरे लोंबू लागतात. तुऱ्यावरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्याबरोबर पराग खाली उतरतात आणि दाणा धरतो. त्यामुळे या काळात पावसाने मोठा खंड दिला तर तुरे गळतात. तेव्हा वेलीवरून पाणी शिंपडा. पांगाऱ्याच्या फांद्या आत्ताच छाटून उजेड आत येऊ द्या, सावलीत नुसता पाला माजतो.

बुंध्यातून निघालेले धावते फुटवे मात्र तोडून फेकू नका. बाजूला एक काठी रोवून त्यावर गुंडाळून ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका. वेल निरोगी राहिली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचेच दोन-तीन पेरांचे छाट पिशव्यांत भरता येतील, आणि पुढच्या मृगाला रोपं विकत आणावी लागणार नाहीत.