‘होय’ म्हणण्याची संवय

‘बरोबर कीं चूक तें लिहा’ ह्या प्रश्नाशीं आमच्या वाचकांचा परिचय जुनाच आहे. उत्तर येत नसलें म्हणजे आपण काय करतों? आम्ही तरी बहुधा ‘बरोबर’ असेंच लिहीत आलों. ली क्रॉनबाक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचें लक्ष नेमकें ह्याच गोष्टीकडे गेलें. संशयांत पडलेला विद्यार्थी ‘बरोबर’कडे झुकत असेल, तर खऱ्या विधानांवर त्यास फुकटचे गुण मिळतात, त्याचें अज्ञान उघडें पडतें तें खोट्या विधानांवर. उत्तरें देण्याचीं असलीं ठराविक वळणें परीक्षेच्या यथार्थतेस बाधक होतात, असें त्यांनीं १९४६ सालीं मांडलें.

शाळेंत एखाददुसऱ्या गुणानें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. स्वभावपरीक्षेची गोष्ट निराळी. थिओडोर अडोर्नो व त्यांचे सहकारी यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’ ह्या ग्रंथांत एक मापपट्टी आहे. सत्तेपुढें वांकणारा, दुर्बलांवर उलटणारा व ज्यूद्वेषास बळी पडणारा स्वभाव कोणाचा, हें तिनें ओळखावयाचें होतें. परंतु तींतील सर्वच विधानें एका दिशेनें मांडलेलीं. जों जों ‘मान्य’ म्हणावें, तों तों दोष वाढत जावा! आतां कमी शिकलेला मनुष्य पुष्कळदां समोरच्याचें म्हणणें मोडूं नये म्हणून मान डोलावितो. त्याचा तो विनय (कंटाळाही असेल) हुकूमशाही वृत्ति म्हणून नोंदला जावा, हा अन्यायच नव्हे काय? १९५५ सालीं बर्नार्ड बास यांनीं तींच विधानें उलटवून विचारलीं, तेव्हां मूळ विधान मान्य करणारानें उलट विधान नाकारावें, ही अपेक्षा फारशी पुरी झाली नाहीं.

दुसरी खोड चांगलें दिसण्याची. मिनेसोटा विद्यापीठाच्या हॅथवे व मॅकिन्ली यांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलींत १५ विधानें हिच्यासाठींच योजिलीं होतीं. माणसामाणसांत आढळणारे किरकोळ दोष जो एकूणएक नाकारतो, त्याच्या इतर उत्तरांवर कितपत विसंबावें? तथापि नोकरीसाठीं आलेल्या उमेदवारास एवढ्यावरून लबाड ठरविण्याची घाई आम्हांस पसंत नाहीं.

निम्मीं विधानें उलट मांडावीं, हा इलाज सर्वत्र सांगितला जातो. तोही निर्धोक नाहीं. ‘मी आळशी नाहीं’ ह्यास ‘नाहीं’ असें उत्तर देणारा मुलगा आळस कबूल करीत आहे, कीं नाकारीत आहे?