दुर्बिणीचा अंगरखा

रात्री दिव्याच्या उजेडातून अंगणात आलेल्या माणसास प्रथम आकाशात मोजक्याच चांदण्या दिसतात. थोडा वेळ अंधारात उभे राहिले, म्हणजे एकीमागून एक अशा शेकडो चांदण्या डोळ्यांपुढे प्रकट होतात. आकाशात एकही चांदणी वाढलेली नसते. डोळ्यांस दिपविणारा परका उजेड तेवढा दूर झालेला असतो. जी गोष्ट डोळ्यांची, तीच दुर्बिणीची. दुर्बीण कितीही मोठी असली, तरी तिच्यात नको असलेला उजेड शिरला की तिचे निम्मे सामर्थ्य व्यर्थ जाते. हा उजेड अडविण्याचे काम पुष्कळदा एक साधे, घरी शिवलेले काळे कापड करते. त्या कापडाची ही हकीकत आहे.

आयझॅक न्यूटन याने १६६८ साली आरशाची दुर्बीण तयार केली. अशा दुर्बिणीच्या तळाशी अंतर्वक्र आरसा असतो. ताऱ्यांचा प्रकाश त्यावर पडून परत वर येतो. वरच्या टोकाशी तिरपा बसविलेला एक लहान सपाट आरसा तो प्रकाश बाजूस वळवितो आणि तेथे नेत्रिकेला डोळा लावून पाहावयाचे असते. दोन्ही आरशांना आपापल्या जागी धरून ठेवणे आणि बाजूचा उजेड आत येऊ न देणे, ही दोन कामे दुर्बिणीची नळी करते.

आरसा जसजसा मोठा होऊ लागला, तसतशी ही नळी जड होऊ लागली. विल्यम हर्शेल याने १७८९ साली पूर्ण केलेल्या दुर्बिणीचा आरसा ४ फूट रुंदीचा व तिची लोखंडी पत्र्याची नळी सुमारे ४० फूट लांबीची होती. ती हलविण्यासाठी मोठा लाकडी सांगाडा उभारावा लागला व मदतीस माणसे ठेवावी लागली. पुढे विल्यम लॅसेल याने १८६१ साली माल्टा बेटावर आपली ४ फुटी आरशाची दुर्बीण उभारली, ती बंद नळीची नव्हती. तिची नळी म्हणजे पट्ट्यांचा उघडा पिंजराच होता. अमेरिकेतील पालोमार पर्वतावर १९४८ साली उभ्या राहिलेल्या २०० इंची दुर्बिणीलाही बंद नळी नाही. पोलादी तुळयांचा सांगाडा आहे. तथापि ती भव्य घुमटाच्या आत, गावापासून दूर डोंगरावर असल्यामुळे तिला बाजूच्या उजेडाची फारशी भीती नव्हती. हौशी निरीक्षकाला असा घुमट कोठून मिळणार?

हौशी लोकांच्या हाती मोठी दुर्बीण देण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्यांत जॉन डॉब्सन यांचे नाव अग्रगण्य आहे. १९४४ साली ते सान फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. मठात राहत असतानाच त्यांनी टाकाऊ जाड काच घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि लाकडी फळ्या जोडून दुर्बिणी केल्या. या छंदापायी १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. १९६८ साली त्यांनी काही तरुणांसह पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यास आकाश दाखविणारी मंडळी उभी केली. स्वस्तात मोठी दुर्बीण करता येते, हे त्यांनी सिद्ध केले. ते २०१४ साली वारले.

डॉब्सन यांची पुठ्ठ्याची नळी स्वस्त होती, परंतु आरसा फुटाहून मोठा झाला की ती मोटारीत मावेना आणि एकट्याने उचलवेना. म्हणून १९८० नंतरच्या काळात हौशी कारागिरांनी सांगाड्याच्या दुर्बिणीचा मार्ग धरला. खाली आरशाची चौकोनी पेटी, वर लहान आरसा व नेत्रिका धरणारे गोल कडे आणि मध्ये ॲल्युमिनियमच्या आठ दांड्या, अशी तिची रचना असते. काम संपले की दांड्या सोडवून सारी दुर्बीण मोटारीत ठेवता येते.

ओझे कमी झाले, पण नळीने जे दुसरे काम मुकाट्याने केले होते, ते आता कोणीच करीना. रस्त्यावरचा दिवा, शेजारच्या खिडकीतील उजेड, एखाद्या वाहनाचा झोत, हे सारे दांड्यांमधून सरळ आत येऊ लागले. त्यामुळे काळ्या आकाशावर पांढुरकी साय पसरल्यासारखे होते आणि अंधुक तेजोमेघ त्यात बुडून जातात. शिवाय जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगाची ऊब प्रकाशाच्या वाटेत शिरून चित्र थरथरविते. तळाचा आरसा उघडा पडल्यामुळे त्यावर दव व धूळ बसते. या तिन्ही अडचणींवर उपाय एकच: सांगाड्यास अंगरखा घालणे.

अंगरख्याचे कापड पारखून घ्यावे. ते काळे असावे, परंतु चमकदार नसावे. काळे साटीन उजेड अडविते खरे, पण आतून तोच उजेड आरशाकडे परतविते. कापडामागे दिवा धरून पाहावा. उजेडाचे ठिपके दिसले तर ते कापड कामाचे नाही. सुती कापड दव शोषून जड होते व लोंबते. म्हणून दाट विणीचे नायलॉन किंवा अंगाबरोबर ताणले जाणारे लायक्रा मिसळलेले कापड लोक पसंत करतात. ज्यातून तंतू गळतात ते कापड टाळावे, कारण ते तंतू आरशावरच पडावयाचे. फार जाड कापड तर घेऊच नये. दुर्बीण आसावर तोललेली असते. अंगरख्याच्या भाराने तिचा तोल गेला, तर नाकापेक्षा मोती जड अशी गत होते.

कापड बेतताना गणित आणि दोरी या दोघांचेही साहाय्य घ्यावे. समजा, आरसा ३० सेंटीमीटर रुंदीचा आहे, वरच्या कड्याचा व्यास ३५ सेंटीमीटर आहे आणि खालच्या पेटीची बाजू ३८ सेंटीमीटर आहे. मग कड्याचा परीघ सुमारे ११० सेंटीमीटर आणि पेटीचा घेर १५२ सेंटीमीटर होतो. म्हणजे कापड सरळ पट्टीसारखे नव्हे, तर परकराप्रमाणे वर अरुंद व खाली रुंद बेतावे लागते. मध्यावरचे माप मात्र सूत्राने सापडत नाही. तेथे दोरी दांड्यांभोवती फिरवूनच पाहावे. दोरी एका दांडीकडून दुसरीकडे सरळ जाते आणि कापडही तसेच जाणार असते. ताणले जाणारे कापड असल्यास घेर थोडा कमी धरावा, म्हणजे ते अंगाला घट्ट बसते. वरखाली दुमडीसाठी पाच पाच सेंटीमीटर आणि शिवणीसाठी दोन्ही कडांना दोन दोन सेंटीमीटर कापड जादा ठेवावे. कातर चालविण्यापूर्वी हाच आकार जुन्या वर्तमानपत्रांचा करून सांगाड्याला गुंडाळून पाहावा. चुकलेला कागद फेकता येतो, चुकलेले कापड फेकताना हात थरथरतो.

शिवण साधीच, पण चोख हवी. सुयांची भोके म्हणजे उजेडाच्या वाटाच होत. म्हणून एकदा टीप मारल्यावर कडा आत दुमडून दुसरी टीप मारावी. दोरा काळाच घ्यावा. वरच्या टोकाला नेफा करून त्यात नाडी ओवावी, खालच्या टोकाला इलॅस्टिक घालावे. लांबीची शिवण नेत्रिकेच्या समोरच्या बाजूस येऊ देऊ नये, कारण नेत्रिकेतून पाहताना समोरची बाजूच नजरेच्या रेषेत येते.

अंगरखा चढवून दुर्बीण सरळ वर धरली की सारे उत्तम दिसते. खरी परीक्षा पुढे असते. दुर्बीण क्षितिजाकडे झुकविली की वरच्या बाजूचे कापड दांड्यांमध्ये आत लोंबते. वरील मापात प्रकाशाच्या वाटेपासून कापडापर्यंत कोठे अडीच, कोठे चार सेंटीमीटरच मोकळी जागा आहे. कापड त्याहून अधिक लोंबले, तर ज्या प्रकाशाचे रक्षण करावयाचे, त्याचाच मार्ग ते अडविते. अशा वेळी नाडी ताणून पाहावी. तरीही लोंबत असेल तर सांगाड्याच्या मध्यावर, दांड्यांना टेकून बसेल असे हलके कडे बसवावे. पुष्कळांना पहिल्या रात्री हा दोष आढळतो आणि दुसऱ्या दिवशी शिवण उसवून पुन्हा घालावी लागते. त्यात कमीपणा नाही.

वापरतानाही दोन गोष्टींचे भान ठेवावे. आरसा दिवसभर तापलेला असतो. तो हवेइतका थंड होईपर्यंत अंगरखा वर सरकवून ठेवावा. आणि दिवसा आरसा झाकल्यावाचून दुर्बीण कधीही उघड्यावर ठेवू नये. त्याच्या केंद्राशी एकवटलेले ऊन कापड जाळू शकते, मग डोळ्यांची गोष्ट कशास सांगावी!

देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सुमारे पंचवीस लक्ष वर्षे प्रवास करून पृथ्वीवर येतो. एवढ्या अफाट वाटेत त्याला कोणी अडविले नाही. आणि अखेरच्या दीड मीटरमध्ये शेजारच्या दिव्याने तो बुडवून टाकावा, याहून दैन्य ते कोणते? हा अखेरचा दीड मीटर सांभाळण्याचे काम सुईदोऱ्याचे आहे. आरसा घासणाऱ्याचे नाव लोक विचारतात, अंगरखा शिवणाऱ्याचे विचारीत नाहीत. तथापि देवयानीचा तो अंधुक मेघ नेत्रिकेत उमटतो, तेव्हा त्यात दोघांच्याही हातांचा वाटा असतो.

अभ्यास

१. बंद नळी कोणती दोन कामे करते? सांगाड्याच्या दुर्बिणीत त्यांपैकी कोणते काम उरते?
२. कापड निवडताना कोणते दोष टाळावेत? प्रत्येकाचे कारण लिहा.
३. ‘गणित आणि दोरी या दोघांचेही साहाय्य घ्यावे’ असे लेखात का म्हटले आहे?
४. वरच्या कड्याचा व्यास ४२ सेंटीमीटर असल्यास परीघ किती येईल?
५. ‘नाकापेक्षा मोती जड’ या म्हणीचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.
६. ज्याचे नाव कोणी विचारीत नाही, पण ज्यावाचून काम अडते, अशा तुमच्या गावातील एका कारागिरावर दहा ओळी लिहा.