साथ आली तरी नेहमीची तपासणी सोडू नकोस

पोरी, तू सबसेंटरला रुजू होतेस, त्याआधी चार गोष्टी कानात घालून ठेवते. साथ आली की सगळं गाव, सगळं खातं साथीकडे धावतं, आणि धावायलाच हवं. पण बीपी, शुगर, टीबी, बाळंतपण यांना सुट्टी नसते. 2019 मध्ये देशात टीबीच्या सुमारे 24 लाख रुग्णांची नोंद झाली, 2020 मध्ये 18 लाखांची. टीबी एवढा घटला असेल का एका वर्षात? माणसं तपासणीपर्यंत पोचलीच नाहीत. पुढची साथ कधी येईल सांगता येत नाही. म्हणून हे आत्ताच शिकून घे.

यादी आधी कर. गरोदर बाया, दोन वर्षांच्या आतली मुलं, बीपी-शुगरच्या गोळ्या घेणारे, टीबीचं औषध चालू असलेले, एकटे राहणारे म्हातारे, सगळे वस्तीवार लिही. सोबत शेजारच्या घराचाही फोन नंबर घे. मोबाइलात नोंद कर, पण कागदावरही ठेव, वाडीवर रेंज नसते. गाव बंद झालं की आधी कुणाच्या दारात जायचं ते त्यातून कळतं.

दारात गेलीस की साथीचं आणि नेहमीचं, दोन्ही कामं उरक. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी ताप, ऑक्सिजन बघताना बीपी, शुगर असे जुने आजारही विचारले, तसंच कर. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटतंय, असं कुणी म्हणालं की थुंकीची तपासणी करायला लाव. कोरोना निगेटिव्ह आला म्हणून खोकला सोडून देऊ नकोस.

बीपी घाईत घेऊ नकोस. उन्हातून आलेल्या बाईला पाच मिनिटं बसव. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला आणि पट्टा उघड्या दंडावर. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री झाली असेल तर थांब. आकडा 140/90 किंवा वर दिसला तर थोड्या वेळाने परत घे, आणि डॉक्टरांकडे पाठव. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश पूस, बोट गार असेल तर चोळून गरम कर, आकडा ठरेपर्यंत थांब. 95 च्या खाली असेल तर दुसऱ्या बोटावर बघ. तिथेही तेवढाच आला तर त्याच ओट्यावरून डॉक्टरांना फोन कर.

तोंडाची तपासणी मास्कमुळे हमखास मागे पडते, आणि आपल्याकडे तंबाखू-मिश्री घरोघर. अंगणात, उजेडात बसव, तुझा मास्क नीट असू दे. माणसाला स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांग. जात नसतील तर लिही. मग लांबून टॉर्च मार. पांढरा-लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम दिसली की लगेच पाठव.

काय थांबू शकतं ते ओळख. गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी पाच वर्षांतून एकदा असते, तिला दोन महिने उशीर चालेल. पुढची तारीख मात्र लिहून दे. पण स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर एक दिवसही थांबू नकोस. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन, बीपी, लघवी ठरल्या वेळीच तपास. 7 च्या खाली हिमोग्लोबिन असलेली बाई घरात बसता कामा नये.

लसीचा दिवस मोडू नकोस. एकदम गर्दी नको, प्रत्येक आईला वेळ वाटून दे, झाडाखाली अंतर ठेवून बसव. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस आणि नऊ महिन्यांची गोवर-रुबेला लस राहिली तर मागे लाग. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, पुढचा दे. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे गोवर उसळला, लेकरं दगावली. साथीच्या काळात राहून गेलेल्या लसी हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

गोळ्या संपू देऊ नकोस. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने बीपी-शुगरसारख्या आजारांच्या गोळ्या तीन महिन्यांपर्यंतच्या एकदम द्यायला सांगितल्या होत्या. तसा साठा डॉक्टरांकडून आधीच मागून ठेव. 'गोळ्या घेता ना?' असं विचारलंस की सगळे 'हो' म्हणतात. रिकामी पाकिटं दाखवायला सांग, किती उरल्यात ते मोज. डॉक्टरांकडे जाणं जमत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर तुझ्यासमोर डॉक्टरांशी बोलणं करून दे.

पाठवलंस म्हणजे काम संपलं असं समजू नकोस. आठवड्याने विचार: गेलात का, काय सांगितलं, कागद दाखवा. गेले नसतील तर बस, पैसे, भीती, रोजगार यांतलं नेमकं काय आडवं आलं ते ऐकून घे. आशाताईंना आणि सरपंचांना सोबत घेऊन वाट काढ.

आणि पोरी, तुझ्या वहीत पहिलं नाव तुझं लिही. तिशी ओलांडलीस की वर्षातून एकदा स्वतःचा बीपी, शुगर तपास, आशांचाही तपास. एका सबसेंटरवर पाच हजार माणसं विसंबून असतात, डोंगरात तीन हजार. त्यांच्यासाठी तू धडधाकट राहणं हेही तुझं कामच आहे.