सोफ्यातले ब्रोमीन

ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर एके काळी रसायनांचे मोठे कारखाने होते. आज तेथे उंच निवासी इमारती दिसतात. रसायन म्हटले की आपली नजर धुराड्याकडे जाते. आज आपण त्या इमारतींतील, किंवा तुमच्याच घरातील, सोफ्याकडे पाहू.

सोफ्याच्या गादीतील फोम पॉलियुरेथेनचा असतो व तो चटकन पेटतो. १९७५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने फोमसाठी ज्योतीची चाचणी लागू केली आणि कारखानदार त्यात ज्वालारोधक द्रव्ये मिसळू लागले. पॉलिब्रोमिनेटेड डायफेनिल ईथर, थोडक्यात पीबीडीई, हा त्यांतला एक गट. तापल्यावर त्यातून सुटणारे ब्रोमीन ज्योतीतील साखळी-प्रक्रिया चालविणारे क्रियाशील कण पकडते व ज्योत मंदावते.

पण हे द्रव्य फोमला रासायनिक बंधाने जोडलेले नसते, नुसते मिसळलेले असते. कपाटातील डांबरगोळी कोणी हात न लावता झिजते ना? पीबीडीई तितक्या वेगाने उडत नाही. मात्र वर्षानुवर्षे थोडे थोडे बाहेर पडते आणि धुळीला चिकटते. ती धूळ सर्वांत जास्त जाते रांगणाऱ्या, हात तोंडात घालणाऱ्या बाळाच्या पोटात.

हे द्रव्य चरबीत साठते. स्वीडनमध्ये जपून ठेवलेले मातांच्या दुधाचे १९७२ ते १९९७ या काळातील नमुने तपासले, तेव्हा त्याचे प्रमाण दर पाच वर्षांनी सुमारे दुप्पट झालेले आढळले.

आता गळ्यातील अवटू ग्रंथीचे संप्रेरक थायरॉक्सिन घ्या. त्याच्या रेणूत ऑक्सिजनने जोडलेली दोन वलये व आयोडीनचे चार अणू असतात. पीबीडीईतही तशीच दोन वलये, फक्त आयोडीनच्या जागी ब्रोमीन! या साम्यामुळे संप्रेरकाच्या कामात ढवळाढवळ होते, आणि बाळाच्या मेंदूची वाढ तर त्याच संप्रेरकावर अवलंबून. गर्भावस्थेत अधिक संपर्क आलेल्या मुलांचा बुद्ध्यंक काहीसा कमी असल्याचे अमेरिकेतील पाहण्यांत दिसले आहे.

२००९ मध्ये स्टॉकहोम कराराने फोममधील पीबीडीई निषिद्ध यादीत घातले. भारतात २०१८ च्या नियमांनी बंदी आली. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये चाचणीच बदलली. धुमसत्या सिगारेटची नवी चाचणी रसायनाशिवायही पार करता येते. हे आधीच सुचायला हवे होते!

प्रत्येक सोफ्यात हे द्रव्य असतेच असे नाही, पण असले तर डोळ्यांना दिसत नाही. भंगारातील फोम पुन्हा वापरला की जुने द्रव्य नव्या गादीत येते. म्हणून फाटलेली खोळ शिवून घ्या, भुगा होणारा फोम बदला. कोरड्या झाडूने धूळ उडते. फरशी ओल्या फडक्याने पुसा आणि जेवणापूर्वी धाकट्या भावंडांचे हात साबणाने धुवा.