नाताळचा अ‍ॅडव्हान्स आणि आईचा मिक्सर

डिसेंबरमध्ये घरगुती फूड बिझनेसवाल्यांचा एक गोंधळ हमखास होतो. आज त्याचाच हिशेब करू. वही-पेन घेऊन बसा.

समजा, तुम्ही गिरगावात खोताच्या वाडीत राहता आणि घरून कुलकुल, नेवऱ्या, प्लम केकचे बॉक्स विकता. ४०० रुपयांचे १०० बॉक्स, म्हणजे ४०,००० ची विक्री. अर्धा अ‍ॅडव्हान्स घेतला, २०,००० हातात आले. आईचा मिक्सर जुना झालाय, नाताळला नवीन द्यायचाय, ३,५०० चा. पैसे तर आहेत, मग घेऊन टाकू!

थांबा. मैदा, काजू, बटर, बॉक्स, गॅस मिळून खर्च २४,००० आहे. म्हणजे अ‍ॅडव्हान्स मिळूनही तुम्ही ४,००० ने कमीच आहात. मिक्सर घेतला की खड्डा ७,५०० चा. मग काजू उधारीवर येतात, नाहीतर बटरच्या जागी स्वस्त काहीतरी येतं. गिऱ्हाईक ते पहिल्या घासाला ओळखतं.

नफा कधी येतो? बाकीचे पैसे २२ ते २४ तारखेला मिळतात. भेट मात्र त्याआधी घ्यायची असते. खरी अडचण ही तारखांची आहे. म्हणून मिक्सरचे पैसे जूनपासून घरखर्चातून बाजूला काढायचे: महिना ६००, सहा महिन्यांत ३,६००. वेगळा डबा ठेवा किंवा वेगळं खातं, पण गल्ल्यात नको.

मदतीला येणाऱ्या ताईंना कुकर द्यायचाय? तो धंद्याचा खर्च. १,५०० चा कुकर १०० बॉक्सवर वाटला तर बॉक्समागे १५ रुपये. दर ठरवतानाच ते धरा आणि कुकर बाकी वसूल झाल्यावर घ्या. मात्र तो मजुरीऐवजी देऊ नका, मजुरी ती मजुरीच! जीएसटी नंबर असेल तर लक्षात ठेवा, कलम १७(५) नुसार भेट दिलेल्या वस्तूवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. बिलातला टॅक्सही खर्चातच धरा.

खरेदी करताना भांड्यांसाठी तांबाकाटा, इलेक्ट्रिक वस्तूंसाठी लोहार चाळ फिरा, दोन-तीन दुकानांत भाव विचारा. कुकरवर आयएसआय मार्क बघाच, २०२१ पासून तो सक्तीचा आहे. तिथे पन्नास-शंभर वाचवू नका.

दिवाळीच्या ऑफरमध्ये मिक्सर घेऊन ठेवणार असाल तर वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, खोका उघडल्यापासून नाही. त्यामुळे दुकानातच चालवून बघा, पक्कं बिल घ्या आणि ते मिक्सरसोबत आईच्या हातात द्या.