गुळणी पोहोचत नाही तिथं

ऊसतोडीहून आलेलं लेकरू तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, हाक मारली तर दुसऱ्यांदा ओ देतं. अशा वेळी आमच्या धारूर तालुक्यात दोनच उपाय चालतात: मिठाच्या गुळण्या आणि कानात कोमट तेल. गावात आशा सेविका म्हणून फिरताना हे मी घरोघर पाहते. माझ्या भाच्यावरही ताईनं तेच केलं. शाळेत ‘लक्ष नाही’ म्हणून पोराला मागं बसवलं. तिथं तर त्याला काहीच ऐकू येईना.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात त्याला नेलं, तेव्हा सगळं समजलं. घसा आपण एकच धरतो, पण टाळूच्या वर आणि खाली त्याचं अस्तर निराळं. खाली, घास घासून जातो तिथं, सपाट पेशींचे थरावर थर असतात; झीज सोसणारे. वर, नाकाच्या मागं, उंच पेशींची एकच रांग. वरवर अनेक थर वाटतात, पण प्रत्येक पेशी तळाला टेकलेली असते. त्यांच्यावर बारीक रोम, अधूनमधून शेंबूड तयार करणाऱ्या पेशी. धूळ शेंबडात अडकते आणि रोम तो घशाकडं ढकलतात. ऊसतोडीवरच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, चुलीचा धूर या रोमांनाच मंद करतो.

नाकाच्या मागं तिथंच लहान मुलांत अॅडेनॉइडची गाठ असते. ती सुजली की नाकाचा श्वास अडतो आणि कानाकडं जाणारी नळीही. लहानपणी ही नळी आखूड, जवळजवळ आडवी. मग कानाच्या पडद्यामागं पाणी साठतं. तेल पडद्याच्या अलीकडंच राहतं, गुळणी टाळूच्या खालीच. बिचाऱ्या मिठाचा दोष नाही!

म्हणून मी आता आयांना सांगते, उसाच्या फडावरून आल्यावर लेकराला झोपेत नीट बघा. तोंड रोज उघडं राहत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं न्या, ऐकण्याची तपासणी मागा. प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. कानातलं पाणी पुष्कळदा तीनेक महिन्यांत आपसूक ओसरतं, पण तपासणी चालू ठेवावी लागते. गुरुजींना सांगून तोवर पुढं बसवा. चूल कोपीबाहेर मांडा. झोपेत श्वास मधेच थांबत असेल तर मात्र ऊसतोडीच्या मुकादमाच्या परवानगीची वाट बघू नका. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत ज्वारीचा दाणा नाहीतर मणी अडकलेला असू शकतो. पिनेनं उकरू नका, दवाखान्यात काढून घ्या.