मायामीच्या उंची हॉटेलात अडकून पडणारी रक्कम

मायामीचे डाउनटाउन आणि त्याला लागून असलेला ब्रिकेल या भागांतील उंची हॉटेलांत आरक्षणाच्या वेळी दिसणारा दर आणि निघताना हाती पडणारे बिल यांत जी तफावत आढळते, ती योगायोगाने निर्माण होत नाही, तर तेथील हॉटेल-व्यवहाराच्या घडणीतच ती असते. क्रूझच्या बोटी जेथून सुटतात ते पोर्टमायामी हे बंदर डाउनटाउनच्या समोरच असल्यामुळे बोटीवर चढण्याच्या आदल्या रात्री याच भागात उतरणे सोयीचे ठरते, आणि भारतातून जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही याच कारणाने या हॉटेलांशी व्यवहार करावा लागतो.

तफावतीचा पहिला घटक म्हणजे ‘डेस्टिनेशन फी’, अर्थात खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त दर रात्रीमागे आकारली जाणारी आणि नाकारता न येणारी रक्कम. तिच्या बदल्यात वायफाय, व्यायामशाळा, पाण्याच्या बाटल्या अशा गोष्टी दिल्याचे सांगितले जाते. त्यांचा वापर केला नाही म्हणून ती माफ होत नाही. मायामी शहरात भाड्यावर विक्रीकर आणि पर्यटनाशी निगडित स्थानिक कर मिळून १३ टक्के, तर खाडीपलीकडच्या मायामी बीचवर १४ टक्के आकार पडतो, आणि सक्तीच्या या फीवरही तो लागतो. त्यामुळे भाडे ३०० डॉलर व फी ४० डॉलर धरल्यास एका रात्रीचा खर्च ३८४ डॉलरांच्या पुढे जातो. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाच्या नियमानुसार सक्तीची फी सुरुवातीच्या दरातच मिळवून दाखवणे हॉटेलांवर बंधनकारक झाले आहे, मात्र सरकारी कर त्यातून वगळण्याची मुभा आहे. ज्या मुक्कामाच्या आधारे हे विवेचन केले आहे तो या नियमापूर्वीचा होता, आणि त्या वेळी आरक्षणाच्या पानावर ही फी एका मिटलेल्या चौकटीत, अटींच्या तळाशी दिली होती. ग्राहकाने ती वाचली नाही असे म्हणून जबाबदारी झटकण्याची सोय हॉटेलाने आधीच करून ठेवली होती, असेच म्हणावे लागते.

याहून गंभीर बाब ‘होल्ड’ची आहे. चेक-इनच्या वेळी कार्ड घेऊन हॉटेल संभाव्य जादा खर्चासाठी काही रक्कम बँकेकडून राखून ठेवते. ती खात्यातून वळती होत नाही, पण वापरताही येत नाही. क्रेडिट कार्डावर यामुळे केवळ उधारीची मर्यादा घटते, परंतु फोरेक्स कार्डात आधीच भरलेले स्वतःचे डॉलर असतात आणि तेच अडकतात. प्रस्तुत प्रकरणात अंतिम बिल मूळ होल्डशी न जोडता स्वतंत्र व्यवहार म्हणून वसूल करण्यात आले, त्यामुळे एकाच मुक्कामापोटी दोन रकमा एकाच वेळी गुंतल्या, आणि ही गोष्ट लक्षात आली ती बोटीवर जाण्याच्या सकाळी, औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या यंत्राचे पैसे देताना कार्ड नाकारले गेले तेव्हा. काउंटरवर यंत्राचा खोका तसाच राहिला, मागे रांग वाढत गेली आणि मोबाइलवर शिल्लक पाहिल्यावर हॉटेलाचे नाव दोनदा दिसले. हॉटेलात परतल्यावर दिवसपाळीच्या व्यवस्थापकाने संगणकाचा पडदा किंचित फिरवून, आवाज न चढवता, हा प्रश्न पूर्णपणे ग्राहकाच्या बँकेचा आहे असे सांगितले. हे विधान अर्धेच खरे होते, कारण होल्ड सोडण्याची सूचना हॉटेलाकडूनही बँकेला पाठवता येते. रिसेप्शनवरील दुसऱ्या एका महिला कर्मचारीने, जी सहकाऱ्यांशी स्पॅनिशमध्ये बोलत होती, ती सूचना तत्काळ पाठवली आणि व्यवहाराचा मंजुरी-क्रमांक असलेला कागद छापून दिला. जे काम काही क्षणांत होण्यासारखे होते, ते करण्याचे व्यवस्थापकाने टाळले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

यावरून होल्डसाठी नेहमी क्रेडिट कार्ड द्यावे, फोरेक्स कार्ड केवळ अंतिम बिल चुकते करण्यासाठी वापरावे, रात्रीमागे किती रक्कम अडवली जाणार हे चेक-इनलाच लेखी मागावे, आणि निघताना बिलाबरोबर मंजुरी-क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये, अशी शिफारस करता येते. रुपयांचे भारतीय कार्ड वापरताना यंत्राने रुपयांत की डॉलरांत असे विचारल्यास डॉलरच निवडावेत. प्रवासात सावधगिरी बाळगणे केव्हाही हितावह असते.

खाण्याच्या बाबतीत, मायामीतील अनेक उपाहारगृहे बिलात सेवाशुल्क परस्पर मिळवतात आणि खाली टिपेसाठी कोरी ओळही ठेवतात. असे शुल्क मेनूवर आणि बिलावर नमूद करणे फ्लोरिडाच्या कायद्याने आवश्यक आहे, म्हणून ती ओळ भरण्यापूर्वी बिल वरपासून वाचावे. न्याहारीसाठी हॉटेलाऐवजी ‘व्हेंतानिता’, म्हणजे क्यूबन उपाहारगृहांच्या रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या, अधिक योग्य ठरतात: साखर फेसाळून केलेली कडक कॉफी उभ्यानेच प्यायची, आणि ‘कोलादा’ मागवल्यास एका पेल्यातील कॉफी लहान प्लास्टिकच्या कपांत ओतून सोबतच्यांनी वाटून घ्यायची, अशी तेथील रीत आहे. क्यूबातून आलेल्या लोकांनी या शहराला जे दिले, ते हॉटेलाच्या सजवलेल्या दालनापेक्षा या खिडकीपाशी अधिक खरेपणाने भेटते.

डाउनटाउनमध्ये मोटार भाड्याने घेण्याचे कारण बहुतेकांना नसते, कारण व्हॅले पार्किंगचा आकार दर रात्री वेगळा लागतो, तर डाउनटाउन, ब्रिकेल आणि ओम्नी यांना जोडणारी मेट्रोमूव्हर ही उन्नत गाडी २००२ पासून विनामूल्य आहे आणि विमानतळ मेट्रोरेलने जोडलेला आहे. मार्चमध्ये बेफ्रंट पार्कमधील अल्ट्रा संगीत महोत्सवाच्या दिवसांत त्या बाजूची खोली टाळावी. आरक्षणाच्या छायाचित्रांत खिडकीतून दिसणारे निळे पाणी बिस्केन उपसागराचे असते. पोहण्याची वाळूची किनारपट्टी सेतू ओलांडून मायामी बीचला आहे, आणि तेथवर जाण्या-येण्याचा खर्च डेस्टिनेशन फीमध्ये धरलेला आहे की नाही, हे आरक्षणापूर्वी ईमेलने विचारून ते उत्तर जपून ठेवावे.